ई-सायकल घेताय? डांबरी रस्ता आणि पाणंद, दोन्हींवर तिची परीक्षा कशी घ्यावी

सोलापुरात ई-सायकलच्या दुकानात शिरलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो असा: "एका चार्जिंगला किती जाते?" दुकानदार म्हणतो, "साठ जाते की आरामात." मग किमतीवर घासाघीस सुरू होते आणि परीक्षा तिथंच संपते. माझ्या मते हा प्रश्न पाचवा किंवा सहावा यायला हवा. पहिला प्रश्न असा की मोटार बंद केल्यावर ही सायकल म्हणून कशी चालते? रोजचं ऑफिस, रविवारची लांब फेरी आणि अधूनमधून शेताची पाणंद अशी तिहेरी कामं एकाच सायकलीकडून करून घ्यायची असतील, तर ती आधी चांगली सायकल असावी लागते. मोटार ही वरची मदत.

हा लेख पॅडल मारता येणाऱ्या इलेक्ट्रिक सायकलींबद्दल आहे, विजेवरच्या स्कूटरबद्दल नाही.

दुकानात जाण्याआधी: आपला रस्ता कागदावर मांडा

घरून निघून आठवड्यात कुठं कुठं जाता ते लिहा. सात रस्त्यावरून विजापूर रोडनं कंबर तलाव, पुढं वनविहारापर्यंत सकाळची फेरी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कामाला. रविवारी तुळजापूर रस्त्यानं हिप्परग्याचा तलाव किंवा बार्शी रस्त्यानं नान्नजपर्यंत. प्रत्येक फेरीपुढं तीन गोष्टी टिपा: जाऊन-येऊन अंतर, त्यात डांबर किती आणि मुरूम-माती किती, आणि परतताना उन्हाची वेळ असते का. या कागदावरच पुढचा सगळा हिशेब बसतो. ज्याचं नव्वद टक्के चालवणं डांबरावर आहे त्यानं डोंगरी सायकलीसारखं जाड धूड घेऊ नये. आणि ज्याला आठवड्यातून दोनदा शेतावर जायचं आहे त्यानं बारीक टायरची देखणी शहरी सायकल घेऊ नये.

उंचीही आताच मोजा. दोन पायांमध्ये फ्रेम धरून उभं राहिल्यावर वरच्या नळीपासून तीन-चार बोटं जागा राहिली पाहिजे. ई-सायकल २० ते २५ किलोची असते. मातीत अचानक थांबावं लागलं आणि पाय टेकला नाही, तर ती साध्या सायकलीसारखी सावरत नाही.

कायद्याची रेघ

थोडक्यात सांगतो, पण हे वगळू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पॅडलला मदत करणाऱ्या मोटारीची ताकद ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी हवी, ही मदत वेगाबरोबर कमी होत ताशी २५ किलोमीटरला थांबायला हवी आणि पॅडल मारणं थांबवलं की मोटारही थांबायला हवी. अशी सायकल मोटार वाहनात धरली जात नाही. नोंदणी नाही, लायसन्स नाही. आपल्याकडच्या बऱ्याच मॉडेलांना थ्रॉटलही असतो, म्हणजे पॅडल न मारता मोटार चालवायची हँडलवरची मूठ. हळू चालणाऱ्या, कमी ताकदीच्या बॅटरी वाहनांसाठीही २५ चा वेग आणि ०.२५ किलोवॉट हीच मर्यादा आहे, म्हणून मॉडेल त्या मर्यादेत बसतं का हे कागदावर बघून घ्या. दुकानात कुणी हळूच म्हणालं, "सेटिंग बदलून चाळीसपर्यंत नेऊन देतो," तर नको म्हणा. ती मग कायद्यानं बिननोंदणीची मोटारगाडी ठरते. अपघात झाला तर निस्तरणारे तुम्हीच.

पहिली चाचणी: मोटार बंद

दुकानातल्या माणसाला सांगा, डिस्प्ले बंद करा, मला अशीच चालवू द्या. तो जरा चमकेल. चमकू दे. सपाट रस्त्यावर किलोमीटर-दोन किलोमीटर चालवा आणि बघा: हलक्या गिअरवर पायाला फार जड जाते का? चाक मोकळं फिरतं की मोटार आतून ओढून धरते? हब मोटार म्हणजे चाकाच्या मधोमध बसवलेली मोटार. गिअर असलेली हब मोटार बंद असताना चाकाला फारसा अडथळा करत नाही. बिनगिअरची मोठी हब मोटार थोडी ओढते. हँडल सरळ राहतं का? पुढचं चाक आपोआप एका बाजूला कलत असेल तर फ्रेम किंवा फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुशाख्यात, गडबड आहे.

मग ती दोन पायऱ्या उचलून चढवा. नवी पेठेतल्या जुन्या वाड्यात किंवा लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांना या चाचणीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. बॅटरी काढता येते का, किल्ली कुठं लागते, काढलेली बॅटरी हातात धरायला सोपी आहे का, तेही लगे हात बघा. खाली सायकल आणि वर बॅटरी हीच आपल्याकडे बहुतेकांची रोजची सोय असते. बॅटरी निघतच नसेल तर मी ती सायकल यादीतून काढून टाकतो.

आता बॅटरी, आणि साठ किलोमीटरचा हिशेब

बॅटरीवर दोन आकडे छापलेले असतात, व्होल्ट आणि ॲम्पिअर-तास. त्यांचा गुणाकार म्हणजे वॉट-तास, म्हणजे टाकीत किती आहे ते. ३६ व्होल्ट आणि ७.८ ॲम्पिअर-तास म्हणजे सुमारे २८० वॉट-तास. ३६ व्होल्ट आणि १०.४ म्हणजे सुमारे ३७५. ३६ आणि १४ म्हणजे ५००च्या आसपास. दुकानदार नुसतं "मोठी बॅटरी आहे" म्हणाला तर खाली वाकून लेबल वाचा.

खर्चाचा अंदाज असा धरा. मोटारीची मदत मध्यम पातळीवर ठेवून स्वतः नीट पॅडल मारलं तर किलोमीटरला ७ ते ९ वॉट-तास. पाय आखडून नुसत्या थ्रॉटलवर, शहरात थांबत-निघत गेलात तर १२ ते १५. बॅटरी पूर्ण कोरडी करायची नसते, म्हणून दहा टक्के बाजूला ठेवा. म्हणजे ३७५च्या बॅटरीवर पॅडल मारत चाळीसेक किलोमीटर आणि थ्रॉटलवर पंचवीसेक. दुकानातले साठ किलोमीटर हलक्या वजनाचा माणूस, सर्वांत कमी मदत, सपाट रस्ता आणि वारा नाही, अशा हिशेबातून येतात. ते खोटे नसतात. फक्त तुमचे नसतात.

आता तुमचा कागद काढा. अक्कलकोट चाळीसेक किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ऐंशी. आठच्या दरानं ६४० वॉट-तास. कुठलीही नेहमीची बॅटरी एका दमात पुरणार नाही. तिथं चार्ज करावी लागेल. सायकलीबरोबर बहुधा २ ॲम्पिअरचा चार्जर येतो. १०.४ ॲम्पिअर-तासाच्या बॅटरीला त्यावर पाच तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. स्वामींचं दर्शन, महाप्रसाद आणि दुपारची झोप धरली तरी तेवढा वेळ पुरेल याची खात्री नाही. म्हणून मोठ्या चार्जरची सोय आहे का आणि बॅटरी बनवणाऱ्यानं तो चालवायला परवानगी दिली आहे का, हे विचारा. स्वस्तातला बाहेरचा चार्जर लावू नका. ३६ व्होल्टची लिथियम-आयन बॅटरी ४२ व्होल्टला पूर्ण भरते आणि तिच्यावर थोडासाही जादा दाब चढला तर सेल बिघडतात.

वीजबिलाची काळजी मात्र सोडा. एका पूर्ण चार्जिंगला साधारण अर्धा युनिट लागतं.

मोटार आणि सेन्सर

बाजारात बहुतेक सायकलींना मागच्या चाकात २५० वॉटची हब मोटार असते. पॅडलच्या कण्यापाशी बसणारी मिड मोटार महाग, पण ती गिअरमधून ताकद देते म्हणून चढावर सरस. सोलापूर शहरापुरतं बोलायचं तर हब मोटार पुरते. ज्यांची फेरी वारंवार तुळजापूरचा घाट चढते त्यांनी जास्त टॉर्कची, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर जास्त असलेली, मोटार बघावी. हब मोटारीला ३० ते ४५ न्यूटन मीटर, चांगल्या मिड मोटारीला ५० ते ८५, असा ढोबळ फरक धरा.

वॉटपेक्षा मला सेन्सर महत्त्वाचा वाटतो. स्वस्त सायकलींत पॅडल फिरतंय का एवढंच ओळखणारा सेन्सर असतो. पाय हलला की अर्ध्या-एक सेकंदानं मोटार एकदम जोर करते, पाय थांबला की तेवढ्याच उशिरानं सोडते. डांबरावर याची सवय होते. मुरमाच्या वळणावर किंवा भाजीवाल्याच्या हातगाडीमागून हळूच काढताना मात्र तोच धक्का धोक्याचा. टॉर्क सेन्सर तुम्ही पॅडलवर किती जोर देता ते मोजतो आणि त्याच प्रमाणात मदत करतो. सायकल तुमच्या पायांतच ताकद आल्यासारखी चालते. मातीवर जाणार असाल आणि बजेट बसत असेल तर पैसे इथं घाला, रंगीत डिस्प्लेवर नको.

फरक कळायला सोपी चाचणी आहे. रिकाम्या जागेत हळूहळू, पॅडल मारत, लहानात लहान वर्तुळ काढा. सायकल झटका देऊन वर्तुळाबाहेर फेकत असेल तर पाणंदीवरही तेच करेल.

सोलापूरचा खरा चढ म्हणजे वारा

आपल्याकडे डोंगर नाहीत म्हणून सगळे म्हणतात, सपाट शहर, कुठलीही सायकल चालेल. जूनच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत पुणे नाक्यावरून बाळ्याकडे एकदा जाऊन बघा. पश्चिमेचा वारा छातीवर बसतो.

आकड्यांत सांगायचं तर वारा पडलेला असताना ताशी २५च्या वेगानं जायला फक्त हवा कापण्यासाठी साधारण १०० वॉट लागतात. समोरून ताशी १५चा वारा आला की त्याच वेगाला अडीचशेहून जास्त. वर टायरच्या घर्षणाचे ७०-८० वॉट आहेतच. म्हणजे नुसत्या थ्रॉटलवर अशा दिवशी पंचविसाचा वेग मिळणारच नाही आणि बॅटरी झपाट्यानं उतरेल. तुलनेसाठी, माणूस आणि सायकल मिळून १०० किलो धरले आणि शंभर मीटरला पाच मीटर चढणारा रस्ता घेतला, तर ताशी १२च्या वेगाला साधारण २०० वॉट पुरतात. या वेगांना वारा चढापेक्षा जास्त ताकद मागतो, आणि चढाला उतार तरी असतो.

म्हणून चाचणी फेरी मुद्दाम वाऱ्याविरुद्ध घ्या, निदान एक टप्पा. त्याच दिवशी बसण्याची ठेवणही कळते. हँडल उंच आणि पाठ सरळ असलेली सायकल गावात आरामाची वाटते, पण वाऱ्यात अंग भिंतीसारखं आडवं येतं. थोडं पुढं झुकता येईल असं सरळ हँडल हा दोन्हींमधला बरा मार्ग.

टायर, सराटे आणि काळी माती

या भागावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण रस्त्यात सायकल हातानं ढकलायची पाळी मोटारीमुळं क्वचित येते, पंक्चरमुळं नेहमी.

रुंदी आधी. डांबर आणि हलकी माती दोन्हींसाठी ४० ते ५० मिलिमीटरचा टायर, म्हणजे साधारण दीड ते दोन इंच, हे माझं उत्तर. मधोमध जवळजवळ सलग रबर आणि कडेला खाच असलेली नक्षी घ्या. डांबरावर घोंघावत नाही आणि मुरमावर कडा धरते. चार इंची फॅट टायर दिसायला दणदणीत, मुलं मागं वळून बघतात, पण वीस किलोमीटर डांबर तुडवायला तो बॅटरीही खातो आणि पायही. हवा भरताना डांबरासाठी ५० पीएसआयच्या आसपास, मातीसाठी ३५ ते ४०. टायरच्या भिंतीवर छापलेली मर्यादा मात्र ओलांडू नका.

आता काटे. माळरानातल्या वाटेवर बाभळीचा आणि वेड्या बाभळीचा काटा असतोच, पण खरा शत्रू सराटा. पाऊस संपल्यावर वेल वाळते आणि चहूबाजूंनी टोकं असलेली फळं वाटेवर पसरतात. कशीही पडली तरी एक टोक वर. एका टायरात पाच-सहा सराटे एकदम घुसू शकतात. त्यावर तिहेरी उपाय चालतो: जाड ट्यूब, टायर आणि ट्यूबच्या मध्ये संरक्षक पट्टी, आणि ट्यूबमध्ये पंक्चर बुजवणारं द्रव. घेतानाच हे करून मागा, दुकानदार खुशीत असतो तेव्हा. वॉल्व्ह मोटारसायकलसारखा आहे का तेही बघा. तसा असेल तर कुठल्याही पेट्रोल पंपावर हवा भरता येते. बारीक नळीचा असेल तर टोपणासारखा ॲडॉप्टर खिशात ठेवावा लागतो.

हब मोटारीचं मागचं चाक पंक्चर झालं तर? ते काढायला मोठा पाना लागतो, मोटारीच्या वायरीचं कनेक्शन सोडवावं लागतं आणि बसवताना वॉशर त्याच जागी, त्याच दिशेनं बसावे लागतात. नाहीतर कणा फिरून वायर पिळते. रस्त्यावरचा पंक्चरवाला याला हात लावायला कचरतो आणि त्याचं बरोबर आहे. म्हणून चाक न काढता, टायरची एक बाजू उचकटून ट्यूबचा तेवढाच भाग बाहेर ओढायचा आणि पॅच लावायचा, ही रीत दुकानातच शिकून घ्या. त्यांना करून दाखवायला सांगा. दाखवता आलं नाही, तर त्यांच्या सर्व्हिसबद्दलही तुम्हाला काहीतरी समजलं.

काळ्या मातीचं तर बोलायलाच नको. पहिल्या पावसानंतर ती टायरला लागते, मडगार्डमध्ये भरते आणि चाक जागच्या जागी थांबतं. मोटार जोर करत राहिली तर तापते. उपाय एकच: ओल्या काळ्या रानात जायचंच नाही, मुरमाची वाट धरायची. पण तरी दुकानात मडगार्ड आणि टायरच्या मधल्या फटीत अंगठा घालून बघा. अंगठा सहज गेला पाहिजे.

धुताना प्रेशरचा फवारा मारू नका. फार तर ओलं फडकं आणि ब्रश. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही तिथं हा सल्ला पाळणं सोपं आहे म्हणा. पाण्यापासून संरक्षणाचा आयपी आकडा विचारून घ्या: शेवटचा अंक ४ असेल तर शिंतोडे, ५ असेल तर पाण्याची धार, ७ असेल तर एक मीटरपर्यंत पाण्यात अर्धा तास. सायकलीचा एक आकडा नको. बॅटरी, कंट्रोलर (मोटारीला वीज किती सोडायची ते ठरवणारा भाग) आणि मोटार, तिघांचे वेगळे विचारा.

ब्रेक आणि फोर्क

डिस्क ब्रेक हवेत, दोन्ही चाकांना. हायड्रॉलिक चांगले, पण तारेचे मेकॅनिकलही नीट जुळवलेले असले तर चालतात आणि गावात कुणीही दुरुस्त करतो. मागचं चाक उचलून मोटार फिरवा आणि एकेक ब्रेक हलकेच दाबा. दोन्ही वेळा मोटार तत्काळ बंद झाली पाहिजे. नसेल होत तर सायकल परत करा.

स्वस्त पुढचा सस्पेन्शन फोर्क वजन वाढवतो आणि खड्ड्यात खडखडतो. लॉक करता येत नसेल तर साधा कडक फोर्क आणि रुंद टायर हीच जोडी मला जास्त पटते. कॅरिअरवर वजनाची मर्यादा कोरलेली असते, बहुधा २५ किलो. चादरींचा गठ्ठा किंवा खताची पिशवी टाकणाऱ्यांनी ती वाचावी.

उन्हाची परीक्षा

एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४२च्या पुढं जातो आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. म्हणून भर दुपारी चालवून आलात की लगेच चार्जरला लावू नका. सावलीत तास-दीड तास थंड होऊ द्या. रात्री झोपताना चार्जिंगला लावून ठेवण्याची सवय मोबाईलसाठी ठेवा, हिच्यासाठी नको. जागे असाल तेव्हा, फरशीवर, गादी-पडद्यापासून लांब. बॅटरी फुगलेली दिसली, वास आला किंवा पडून चेपली तर वापर तिथंच थांबवा. महिनाभर गावाला जायचं असेल तर निम्मी भरून ठेवा, पूर्ण भरून नको.

चाचणी फेरीतला एक भाग दहानंतरच्या उन्हात घ्या, त्याचं आणखी एक कारण आहे. डिस्प्लेवरचे आकडे आपल्या उन्हात दिसतात का, ते दुकानाच्या ट्यूबलाइटखाली कळत नाही.

चाचणी फेरी कशी आखावी

दहा मिनिटांच्या गल्लीतल्या चकरेला चाचणी म्हणू नका. ओळखपत्र ठेवा, लागल्यास थोडी रक्कम ठेवा, पण तास-दीड तास मागा. टायरची हवा स्वतः तपासा, बॅटरी पूर्ण भरलेली असावी आणि डिस्प्लेवरचा अंतराचा आकडा शून्य करा. पहिला टप्पा गर्दीतून: निघणं, थांबणं, हळू वळणं. दुसरा टप्पा मोकळ्या रस्त्यावर, मधली मदत ठेवून, वाऱ्याविरुद्ध. तिसरा टप्पा विजापूर रोडच्या बाजूला कुठल्याही मुरमाच्या वाटेवर, मदत सर्वांत कमी. चौथा टप्पा मोटार बंद. परतल्यावर किती अंतरात बॅटरीचे किती टक्के गेले ते मांडा, पण टक्क्यांवर फार भिस्त ठेवू नका. डिस्प्लेवरच्या बॅटरीच्या चित्रातले पहिले दांडे सावकाश उतरतात, शेवटचे घाईनं. व्होल्टचा आकडा दाखवणारा डिस्प्ले असेल तर तो जास्त खरा. उतरल्यावर मोटारीच्या खोक्याला हात लावून बघा. कोमट ठीक, हात ठेवता येत नसेल तर नाही.

पैसे देण्याआधी

चेन, टायर, ब्रेकचे पॅड, गिअर हे सगळं कुठल्याही सायकल दुकानात मिळायला हवं, म्हणजे माप प्रचलित हवं. कंट्रोलर, डिस्प्ले, सेन्सर आणि बॅटरी मात्र त्याच कंपनीचे लागतात. या चौघांच्या किमती आणि सोलापुरात ते कोण बसवून देतं, हे लिहून घ्या. "पुण्याला पाठवू" हे उत्तर पुरेसं नाही. लिथियम बॅटरी वाहतुकीत धोकादायक मालात धरली जाते आणि साध्या कुरिअरनं ती पाठवायला अडचण येते. खुद्द पुण्याच्या कंपनीची सायकल असली तरी गावात हात लावणारा माणूस कोण, हाच प्रश्न उरतो.

हमीपत्रात फ्रेम, मोटार आणि बॅटरीची मुदत वेगवेगळी असते. बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून मिळेल ते शोधा. नुसतं "बॅटरी वॉरंटी" लिहिलेलं असेल तर तो आकडा दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. फ्रेमचा, मोटारीचा आणि बॅटरीचा नंबर बिलावर आलाच पाहिजे. किल्ल्या दोन मिळतात. त्यातली एक त्याच दिवशी घरी वेगळ्या जागी ठेवा आणि किल्लीच्या नंबरचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण बॅटरीचं कुलूप नुसतं बदलून मिळणं अवघड असतं.